कुत्र्याच्या गादीखाली ओल येते कुठून?

दिवाळीच्या साफसफाईला कुत्र्याची गादी उचलली जाते आणि खालची फरशी काळपट, चिकट, कडेनं पांढरी पूड धरलेली दिसते. मग घरात दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, कुत्रा झोपेत मुततो. दुसऱ्याचं म्हणणं, फरशीच हलकी बसवली होती. वाचकांचे प्रश्नही याच दोन वळणांवर येऊन थांबतात: फरशी बदलू, की कुत्र्याला व्हरांड्यात बांधू? छावणीतल्या, म्हणजे कटक क्षेत्रातल्या वाचकांच्या प्रश्नाला आणखी एक शेपूट असतं. घर भाड्याचं किंवा सरकारी क्वार्टर असतं आणि ते सोडताना पैसे कापले जातील ही धास्ती असते.

दोन्ही निर्णय घाईचे आहेत. बऱ्याच घरांत गादी ओल आणत नाही, आधीच असलेली ओल ती अडवून धरते. ओल कुठून येते हे कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. मूळ सापडलं नाही, तर नव्या फरशीवरही पुढच्या पावसाळ्यात तोच डाग उमटेल.

डाग वाचायला शिका

छावणीतले जुने बंगले, बराकी आणि त्यांच्या आसपासची बैठी घरं यांत फरशी बहुधा मातीच्या भरावावर, चुन्यात किंवा वाळू-सिमेंटात बसवलेली असते. आजकाल भरावावर प्लास्टिकचा जाड कागद अंथरून मग काँक्रीट करतात, तसं तेव्हा होत नसे. जमिनीतली ओल अशा फरशीतून सतत वर येते आणि हवेत उडून जाते. ती दिसत नाही, म्हणून ती नाहीच असं आपण धरून चालतो. त्यावर रबरी तळाची गादी टाकली की उडायची वाट बंद होते. ओल गादीच्या कडेकडे सरकते, तिथं सुकते आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवते. भिंतीला लोणा लागतो तसाच हा फरशीचा लोणा. मराठवाड्यातल्या आपल्या शहराला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस मिळतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. काळ्या मातीच्या भरावात तो मुरला की दिवाळी उलटून गेल्यावरही वर येत राहतो.

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जमिनीला दोष देता येत नाही. तिथं पाणी वरूनच पडतं: आंघोळीनंतर न पुसलेलं अंग, लाळ, पाण्याच्या वाडग्याचे शिंतोडे, ओल्या पोछ्यावर लगेच टाकलेली गादी. आणि कूलर. मे महिन्यात पारा चाळीशीपार गेला की कुत्रा कूलरच्या तोंडाशी जाऊन पडतो, घरचे त्याच्याखाली ओलं गोणपाट टाकतात, कूलर रात्रभर दमट हवा फेकतो. पावसाळ्याच्या नावावर खपवलेली निम्मी ओल उन्हाळ्यातच मुरलेली असते, असं माझं मत आहे.

डाग पाहताना या खुणा तपासा:

- गादीच्या कडेनं पांढऱ्या पुडीची चौकट, मधे नुसता गडद ओलसरपणा, वास मातकट: ओल खालून येते.
- मधोमध किंवा एका टोकाला पिवळट-तपकिरी डाग, गरम पाणी शिंपडलं की अमोनियाचा भपकारा: लघवी.
- डाग गादीचा आकार सोडून बाथरूमच्या किंवा मोरीच्या भिंतीकडे पसरलेला: पाइप किंवा नहाणीची गळती. इथं गादीचा काही संबंध नाही, नळ-दुरुस्तीवाल्याला बोलवा.
- लॅमिनेटच्या पट्ट्यांच्या कडा फुगलेल्या, मधला भाग शाबूत: पाणी वरून सांध्यांत शिरलं.

लघवीचा संशय असेल तर नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची बॅटरी अंधारात फिरवा. वाळलेली लघवी पिवळट-हिरवी चमकते. मात्र कपडे धुण्याची पावडरही चमकते, त्यामुळे साबणपाण्यानं पुसलेल्या फरशीवर हा पुरावा कच्चा समजा.

प्लास्टिकची चाचणी

खालून ओल येते की नाही हे ठरवायला महागडं यंत्र लागत नाही.

१. गादी हलवा, फरशी कोरड्या फडक्यानं पुसा आणि तीन-चार दिवस उघडी ठेवा. हे टाळलंत तर वरचं सांडलेलं पाणीच खालची ओल म्हणून मोजाल. या दिवसांत त्या खोलीत कूलर लावू नका.

२. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा साधारण दीड फूट लांब-रुंद तुकडा गादीच्या जागी ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीनं पक्क्या बंद करा.

३. असाच दुसरा तुकडा त्याच खोलीत, जिथं गादी कधीच नव्हती तिथं लावा. लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

४. किमान सोळा तास, जमलं तर पूर्ण दिवस-रात्र थांबा आणि मग उचला.

दोन्ही तुकड्यांच्या आतल्या बाजूला दव धरलं असेल किंवा खालची फरशी गडद झाली असेल, तर सगळ्या खोलीलाच खालून ओल आहे. कुत्रा निर्दोष आहे. फक्त गादीच्या जागी दव आलं, तर वरचं पाणी तिथं मुरून बसलं आहे. दोन्ही कोरडे निघाले तर नुकसान वरवरचं आहे आणि बहुधा साफसफाईवर भागेल. ही चाचणी एकदा पावसाळ्याच्या शेवटी आणि एकदा फेब्रुवारीत करा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक निघाला, तर तो जमिनीच्या ओलीचा पक्का पुरावा आहे. घरमालकाशी बोलताना तो उपयोगी पडतो, म्हणून फोटो तारखेसह ठेवा.

कुठली फरशी किती सोसते

*शहाबादी, तांदूर, कोटा.* आपल्याकडच्या जुन्या घरांत याच फरश्या जास्त. तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. शहाबादी थरांचा दगड असल्यानं क्षार आत साठून सुकले की पापुद्रे सुटतात. नखानं निघणारा पापुद्रा दिसला तर घासणं ताबडतोब थांबवा. कोटा फरशीची चकाकी बऱ्याचदा मेणाची किंवा पॉलिशची असते. ओलीनं ती आधी जाते आणि घरच्यांना वाटतं, दगडच कुजला. दगड कुजत नाही. पूर्ण सुकल्यावर पॉलिशवाल्याकडून घासून घेतला तर पुष्कळदा पूर्ववत होतो. या दगडांचा खरा शत्रू आम्ल आहे: लिंबू, व्हिनेगर आणि बाथरूमचं अ‍ॅसिड. अ‍ॅसिड टाकल्यावर जो फेस येतो तो मळाचा नसून दगड विरघळल्याचा असतो. संगमरवर, मोझॅक आणि सिमेंटच्या जुन्या रंगीत टाइल्सनाही हाच नियम.

जुन्या चुनेगच्ची घरात फरशीचे सांधे उकरून त्यांत सिमेंट भरायचा सल्ला गवंडी हमखास देतात. तो मानू नका. सिमेंटचा सांधा ओलीची वाट अडवतो, मग ती दगडातून किंवा थेट भिंतीत चढते. चुन्याचं काम येणारा कारागीर शोधायला वेळ लागला तरी चालेल.

*व्हिट्रिफाइड टाइल.* ही स्वतः अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, पण सांधे शोषतात. काळे पडलेले सांधे उकरून नव्यानं भरता येतात. टाइल बोटाच्या पेरानं वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला नीट भरलेला नाही. तो बसवणाऱ्याचा दोष आहे, तुमच्या कुत्र्याचा नाही.

*लॅमिनेट.* फुगलेली पट्टी परत बसत नाही. आतला लाकडाच्या भुशाचा दाबलेला थर एकदा फुगला की फुगला, ती पट्टी बदलावीच लागते. या फरशीवर गादी जमिनीला टेकवून ठेवूच नका.

*व्हिनाइल.* पाण्याचं भय कमी, पण रबरी तळातली रसायनं त्यात उतरतात आणि पिवळा डाग कायमचा राहतो. कुठल्याही साफसफाईनं तो जात नाही.

साफ करताना हे करा, हे टाळा

आधी सुकवणं, मग साफ करणं, शेवटी पॉलिश किंवा सीलर. हा क्रम उलटला की पैसे वाया. ओल्या फरशीवर इपॉक्सी किंवा सीलर मारला की तो काही महिन्यांत फोड धरून सुटतो. सुकवायला पंखा आणि उघडी खिडकी लागते, आणि दिवस नव्हे, आठवडे लागतात. काँक्रीटला एक इंच जाडीमागे साधारण महिना धरायची बांधकामातली जुनी रीत आहे. तोच अंदाज इथंही बाळगा.

लघवीच्या डागाला एन्झाइम असलेला क्लीनर वापरा. तो पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. बाटलीवर लिहिलेला वेळ तो फरशीवर ओला राहू द्यावा लागतो. लगेच पुसलात तर काहीच होत नाही आणि दोष क्लीनरला दिला जातो. अमोनियाचा क्लीनर टाळा, कारण त्याचा वास लघवीसारखाच असतो आणि प्राणी पुन्हा त्याच जागी येतो.

लोण्याची पांढरी पूड कोरड्या ब्रशनं झाडून केरात टाका. ओल्या फडक्यानं पुसली की क्षार विरघळून परत आत जातात.

दगडात मुरलेल्या डागासाठी खडूची पूड आणि औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा दाट लेप बोटभर थरात लावा, वर प्लास्टिक टाका, दिवसभरानं प्लास्टिक काढून लेप सुकू द्या आणि खरवडून टाका. पेरॉक्साइड गडद दगडाचा रंग उडवू शकतं, म्हणून आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात करून पाहा.

आता जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी:

- ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. ब्लीच लघवीच्या ताज्या डागावर किंवा अमोनियाच्या क्लीनरसोबतही नको. यातून विषारी वायू निघतो, आणि छोट्या बंद खोलीत तो माणसालाही पुरेसा असतो.
- घरात मांजर असेल तर काळं फिनाइल बंद करा. त्यातली फिनॉल जातीची द्रव्यं मांजराचं यकृत पचवू शकत नाही. पंजाला लागलेलं फिनाइल मांजर चाटतं आणि विषबाधा होते.
- गादीखाली डांबराच्या गोळ्या ठेवायची पद्धत कुत्र्या-मांजरांना घातक आहे.
- बुरशी घासताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत. घरात उंदीर असतील तर मोजे आणखी महत्त्वाचे. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू लघवीतून येतात आणि ओलीत तग धरतात. कुत्र्याला त्याची लस मिळते, डॉक्टरांना विचारून द्या.

गादी अशी ठेवा

बाजारात ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली गादी घेताना विचारा: पाणी कुठं शिरत नाही? बहुतेक वेळा उत्तर ‘आतल्या फोममध्ये’ असं निघतं. म्हणजे फोम वाचला, पाणी ओघळून फरशीवर आणि तिथून रबरी तळाखाली. फरशी कोरडी राहील असं त्या शब्दानं कुणीही कबूल केलेलं नसतं.

माझ्या मते मराठवाड्यातल्या घराला सर्वांत योग्य बिछाना आपल्याकडे कधीचाच आहे: बाज. सुताराकडून चार-सहा इंच उंचीची, कुत्र्याच्या मापाची छोटी बाज करून घ्या, तिला नवार किंवा नायलॉनची पट्टी विणा. खालून हवा खेळते, फरशी उघडी राहते, झाडू आत जातो, उन्हाळ्यात कुत्र्यालाही पोटाखाली गार लागतं. लोखंडी चौकट घेतली तर पायांना रबरी टोप्या घाला, नाही तर गंजाचे डाग पडतील. व्हिनाइलवर मात्र प्लास्टिकच्याच टोप्या. म्हाताऱ्या किंवा सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला उंची नको असते. त्याच्यासाठी लाकडी पट्ट्यांची दोन इंची फळी पुरते, पट्ट्यांत बोटभर फट ठेवा.

गादी जमिनीवरच ठेवायची असेल तर रोज सकाळी भिंतीला उभी करा, तासभर तरी. आठवड्यातून एकदा जागा बदला. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. पाण्याचं वाडगं कडा असलेल्या परातीत ठेवा, म्हणजे सांडलेलं परातीतच राहील. ओलं गोणपाट द्यायचंच असेल तर व्हरांड्यात किंवा मोरीजवळ द्या, आतल्या खोलीत नको.

धुण्याचा प्रश्न खरा आहे. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि कुत्र्याची आख्खी गादी धुवायला कुणाकडे इतकं पाणी असणार? म्हणून काढता येणारे दोन अभ्रे शिवून घ्या. नळ येईल त्या दिवशी एक धुवा, दुसरा चढवा. जुन्या सुती चादरीचा अभ्रा दुकानातल्या मखमली कापडापेक्षा लवकर वाळतो. आतला फोम महिन्यातून एकदा कडक उन्हात टाका. पावसाळ्यात जाड फोम धुवायच्या भानगडीत पडू नका. तो आतून वाळतच नाही.

बकरी ईदआधी काही दिवस घरात बकरा बांधणाऱ्यांनाही हेच सांगणं. त्याच्याखाली पोत्यांचा ढीग करण्यापेक्षा लाकडी फळी आणि रोज बदललेला कोरडा चारा बरा.

गादी खरंच त्याच्यामुळे भिजत असेल तर

घरात शिकलेला कुत्रा अचानक गादी भिजवू लागला तर त्याला मारू नका, ओरडू नका. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, मूत्रमार्गाचा संसर्ग, म्हातारपण, नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या मादीत लघवीवरचा ताबा सैल होणं अशी कारणं असतात आणि त्यांतल्या अनेकांवर औषध आहे. पाणी जास्त पितो का, हे दोन दिवस मोजून लिहून ठेवा आणि पशुवैद्यकाकडे जाताना सोबत न्या. पाणी कमी पाजणं हा उपाय नाही, त्यानं आजार वाढतो.

खर्च कुणाचा?

*भाडेकरू असाल तर.* छावणीच्या हद्दीत एक मेख आहे. कटक क्षेत्रातलं भाडे नियंत्रण हा केंद्राचा विषय आहे. राज्याचा १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा तिथं आपोआप पोचत नाही, १९५७ च्या केंद्रीय कायद्याखाली अधिसूचना काढून तो लागू करावा लागतो. त्यामुळे शहरातल्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नका. तुमचं घर कटक बोर्डाच्या हद्दीत आहे की महापालिकेच्या, आणि तिथं कुठला कायदा चालतो, हे वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा. करार भाडेपट्ट्याचा असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ आधाराला आहे: घर घेतलं त्या स्थितीत परत करायचं, पण रोजच्या वापरानं होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ असेल तर तो भाडेपट्टा नव्हे, तिथं करारातली वाक्यंच निर्णायक. सही करण्याआधी ‘पाळीव प्राण्यामुळे झालेलं नुकसान’ यापुढे ‘जमिनीतून येणारी ओल वगळून’ एवढे शब्द घालून घ्या. घर ताब्यात घेताना प्रत्येक खोलीच्या फरशीचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवा. ओल दिसली की लेखी कळवा. गप्प राहिलेला भाडेकरू पुढे अनामत रकमेच्या वादात कमकुवत ठरतो.

*सरकारी क्वार्टरमध्ये असाल तर.* घर सोडताना एमईएसची (लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेची) मंडळी नुकसानीची यादी करतात आणि ‘बॅरक डॅमेजेस’ म्हणून वसुली होते, हे फौजी कुटुंबांना सांगायला नको. उपाय ताबा घेतानाच करायचा असतो. आधीचे डाग, सुटलेले पापुद्रे, पोकळ टाइल यादीत नोंदवून घ्या आणि ओलीची तक्रार वेळच्या वेळी तक्रार-वहीत टाका. बदलीच्या आठवड्यात आठवलेली तक्रार कुणी धरत नाही.

*जुन्या बंगल्याचे धारक असाल तर.* छावणीतल्या अशा बऱ्याच मिळकती ‘ओल्ड ग्रँट’च्या असतात, म्हणजे जमीन सरकारची. कटक कायदा २००६ प्रमाणे इमारतीत महत्त्वाचा फेरफार बोर्डाला कळवून, मंजुरीनंतरच करता येतो. नुसती फरशी दुरुस्ती त्यात बसते का, हे तोंडी नको, अर्ज देऊन लेखी विचारा. भराव खणून नवं काँक्रीट घालायचं असेल तर विचारल्याशिवाय पहार लावूच नका.

*नवा फ्लॅट असेल तर.* ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला, तर रेरा कायद्याच्या कलम १४ खाली बिल्डरनं ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्ती करायची असते. पोकळ टाइल आणि नहाणीची गळती यासाठी हे कलम वापरा. कुत्रा आहे म्हणून बिल्डर हात झटकेल, त्याला प्लास्टिकच्या चाचणीचे फोटो दाखवा. तुमच्या फ्लॅटमधून खालच्या घरात पाणी झिरपत असेल तर मात्र तो खर्च सहसा तुमचाच, सोसायटीचा नाही.

*सोसायटी कुत्रा हटवा म्हणत असेल तर.* भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरी. स्वच्छतेची जबाबदारी अर्थातच तुमची.

*गादीनंच डाग पाडला असेल तर.* पावती, गादीवरची चिठ्ठी आणि जाहिरातीचा फोटो जपा. आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, आणि तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाचं शुल्क लागत नाही. घराच्या विम्यावर मात्र आशा ठेवू नका. पाइप फुटणं, टाकी वाहणं अशा घटना त्यात येतात, पाळीव प्राण्यामुळे हळूहळू मुरलेली ओल येत नाही.

फरशी बदलायचीच असेल तर

पापुद्रे सर्वत्र सुटले असतील, टाइल्स पोकळ वाजत असतील किंवा लॅमिनेट फुगलं असेल तर बदलणं भाग आहे. एरवी आधी गादी उचला, बाजेची सवय लावा आणि एक हिवाळा जाऊ द्या. बदलताना तळमजल्यावर फक्त वरची फरशी बदलून भागणार नाही. भरावावर ओल अडवणारा प्लास्टिकचा थर घालायला मिस्त्रीला सांगा आणि तो भिंतीपाशी वर कसा वळवणार हेही विचारा. चुन्यात बांधलेल्या जुन्या घरात हा थर घालण्याआधी जुन्या इमारतींचं काम केलेल्या अभियंत्याला दाखवा, कारण अडलेली ओल तिथं भिंतीत चढू शकते. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. तोवर जमीन बऱ्यापैकी सुकलेली असते आणि कूलर अजून माळ्यावरून उतरलेला नसतो.